घरी सोडवायचा पेपर

यवतमाळ जिल्ह्यात नोकरीची परीक्षा कशी असते हे घरोघरी माहीत आहे. तलाठ्याची नाहीतर जिल्हा परिषदेची जाहिरात येते, फी भरायची, हॉल तिकीट काढायचं, अमरावती किंवा नागपूरचं केंद्र आलं की पहाटेची एसटी धरायची. पोलीस भरतीवाली पोरं अंधारातच मैदानावर धावत असतात, अभ्यासिकांमधले दिवे रात्री उशिरापर्यंत चालू असतात. ही परीक्षा अवघड आहे, तिचे निकाल लांबतात, कधी ती रद्दही होते. पण तिची वेळ घड्याळाने ठरलेली असते. दोन तास म्हणजे दोन तास. झरी-जामणीच्या पोराला तेवढेच आणि पुण्याच्या पोरालाही तेवढेच.

खासगी कंपन्या, त्यातही सॉफ्टवेअरच्या, वेगळी परीक्षा घेतात. उमेदवाराला एक काम देतात आणि सांगतात, घरी करा, अमुक तारखेपर्यंत पाठवा. सगळे तिला असाइनमेंटच म्हणतात. ती मी उमेदवार म्हणून केली आहे आणि आता यवतमाळात बसून दुसऱ्यांना देते. आपल्या भागातली पुष्कळ मुलं-मुली आज हे करतात आणि त्यांच्या घरात त्याबद्दल बोलायला कोणी नसतं, म्हणून हे लिहिते आहे.

२०१८ साली माझं कॉम्प्युटर इंजिनिअरिंग यवतमाळात पूर्ण झालं. कॅम्पसला आलेल्या मोजक्या कंपन्यांत माझी निवड झाली नाही आणि अर्ज सुरू झाले. पुण्याला मुलाखतीला जायचं म्हणजे साडेपाचशे किलोमीटरहून जास्त अंतर, रात्रीची ट्रॅव्हल्स, सकाळी मैत्रिणीच्या रूमवर आंघोळ, आणि जाऊन-येऊन भाडं. रेल्वेने जायचं तर आधी धामणगाव गाठायचं, कारण यवतमाळची शकुंतला रेल्वे बंद पडली होती आणि वर्ध्याहून नांदेडला जाणारा नवा मार्ग यवतमाळपर्यंत आलेला नव्हता. एवढं करून पोचलं की मुलाखत वीस मिनिटांत आटपायची. ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ म्हटलं की माझा आवाजच खाली जायचा. कॉलेजचं नाव सांगितलं की समोरचा माणूस पुढच्या कागदाकडे बघू लागायचा.

म्हणून पहिल्यांदा जेव्हा पुण्याच्या एका कंपनीने मेलवर काम पाठवलं, तेव्हा मला खरंच आनंद झाला. इथे कोणी माझं इंग्रजी ऐकणार नव्हतं. करून दाखवायचं होतं, आणि ते मला येत होतं.

काम होतं दवाखान्याच्या अपॉइंटमेंटचं पूर्ण अ‍ॅप. पेशंटने नंबर लावायचा, डॉक्टरांनी वेळ बदलायची, दोघांना मेसेज जायचा, वर सगळ्याचा हिशेब. आठ तास पुरतील असं मेलमध्ये लिहिलेलं होतं. मी तेव्हा गावी होते, घाटंजी तालुक्यात. कापसाची वेचणी सुरू झालेली, दिवाळी तोंडावर. मोबाइलचं नेटवर्क गच्चीवर नीट यायचं, तेही संध्याकाळनंतर. लाइट गेली की लॅपटॉपची बॅटरी तासभर टिकायची. आठ तासांचं काम सगळी दिवाळी खाऊन गेलं. आई फराळाचं बघत होती, बहीण शेतात जात होती, आणि मी गच्चीवर.

बाबांना हे काय चाललंय ते कळत नव्हतं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: “पेपर घरीच सोडवाचा? मंग कापी कोन पकडन?” मी सांगितलं, ते लोक काम बघून ओळखतात. मग त्यांनी विचारलं, याचे पैसे देतात का. नाही म्हटल्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले. “वेचनीवाल्या बाईले बाजाराच्या दिवशी किलोमागं पैसे भेटते. कापूस ओला असो का वाळला. तुले कवा भेटन?”

मला तेव्हा त्यांचा राग आला होता. शिकलेल्या माणसाचं काम आणि वेचणी यांची तुलना कशी होईल, असं मी म्हणालेही.

काम पाठवलं. पोच आली, ती यंत्राने पाठवलेली. त्यानंतर काही नाही. मी दोनदा विचारलं तेव्हा जागा भरल्याचं कळवलं. काम कुणी उघडून पाहिलं का, काय चुकलं, काय बरं होतं, यावर एक ओळ नाही. पुढे ओळखीच्या मुलांकडून कळलं की ते काम अर्ज करणाऱ्या प्रत्येकालाच जात होतं, बायोडेटा वाचण्याच्याही आधी.

त्या वेळी मला जे उमगलं ते आजही मला या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कंपनी पन्नास जणांना मुलाखतीला बोलावते तेव्हा तिच्याही माणसांचा तेवढाच वेळ जातो. म्हणून ती विचार करून बोलावते. घरी करायचं काम पन्नास जणांना पाठवायला मात्र तिला एक मेल पुरतो. पाचशेंना पाठवायलाही तेवढाच. सगळा वेळ उमेदवाराचा जातो, कंपनीचा काहीच जात नाही, आणि जे फुकट मिळतं ते कुणी मोजून मागत नाही. आठ तास लिहायचे आणि चार दिवसांचं काम द्यायचं, हे तिथूनच येतं. त्यात लिहिलेले आठ तास ज्यांना खरोखर मोकळे मिळतात त्यांचाच फायदा होतो. ज्याला सलग वीज आहे, वेगळी खोली आहे, जेवण हातात मिळतं, तो काम अधिक नीटनेटकं करून पाठवतो, आणि त्यालाच हुशार समजलं जातं.

तरीही मी या पद्धतीच्या विरोधात गेले नाही, कारण पुढची नोकरी मला तिच्यामुळेच मिळाली.

नागपूरला परसोडीच्या आयटी पार्कमध्ये एक लहान कंपनी होती. शेतीच्या माहितीवर काम करणारी. त्यांनी आधी दहा मिनिटं फोनवर बोलून घेतलं आणि मगच फाइल पाठवली. महसूल मंडळनिहाय रोजच्या पावसाच्या नोंदी होत्या. त्या साफ करायच्या आणि कोणत्या मंडळात किती दिवस अतिवृष्टी झाली ते काढायचं. तीन तासांपेक्षा जास्त वेळ देऊ नका, अर्धवट राहिलं तर काय राहिलं ते लिहा, असं स्पष्ट लिहिलं होतं.

पाऊस माझ्या घरातला विषय होता. आपल्याकडे चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पडला की त्या मंडळात अतिवृष्टी धरतात आणि मदतीचं सगळं गणित त्या आकड्यावर फिरतं. महावेध प्रकल्पात राज्यभर दोन हजारांहून जास्त स्वयंचलित हवामान केंद्रं बसली आहेत, साधारण मंडळाला एक. आमच्या शेतात पाणी साचलेलं असताना मंडळाच्या केंद्रावर कमी पाऊस दिसला, हे भांडण मी लहानपणापासून नाही तरी कॉलेजच्या दिवसांत भरपूर ऐकलं होतं. त्या फाइलमध्ये काही रकाने रिकामे होते. सरळ मार्ग म्हणजे रिकाम्या जागी शून्य घालायचं आणि पुढे जायचं. मी घातलं नाही. पाऊस पडला नाही ही एक गोष्ट आणि नोंदच झाली नाही ही वेगळी. एका मंडळाच्या नोंदी नेमक्या ज्या दिवशी आजूबाजूच्या सगळ्या मंडळांत जोरदार पाऊस होता त्याच दिवशी गायब होत्या. मी ते दिवस वेगळे काढले आणि खाली लिहिलं की इथे यंत्र बंद पडलं असावं, शून्य धरलं तर त्या गावांवर अन्याय होईल.

दुसऱ्या दिवशी कंपनीतल्या दोघांनी व्हिडिओ कॉल केला. मराठीत बोलले. त्यांचा पहिला प्रश्न त्या रिकाम्या जागांचाच होता. मी अर्धा तास बोलले असेन, आवाज खाली न जाता. कॉलेज कोणतं हे त्यांनी विचारलं ते शेवटी, ऑफर लेटरमध्ये लिहायला.

कुठल्याही साध्या मुलाखतीत मला पावसाबद्दल कुणी विचारलं नसतं. मला काय येतं हे ज्या कामातून दिसलं तसं काम कुणीतरी विचार करून समोर ठेवलं होतं. परीक्षा पद्धत तीच, घरी बसूनच, पण मागणाऱ्याने आपलाही वेळ खर्च केला होता. आधी फोन, नंतर कॉल, आणि मधे माझी फाइल खरोखर वाचणं.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत गावी परत आले. नागपूरचं काम घरून चालू होतं, पण इथलं काहीतरी करावं असं डोक्यात होतं. २०२१ मध्ये वर्गातल्या एका मित्रासोबत यवतमाळात आर्णी रोडला दोन खोल्यांचं ऑफिस घेतलं. आम्ही जिनिंगवाल्यांसाठी आणि शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्यांसाठी कापूस खरेदीच्या नोंदींचं सॉफ्टवेअर करतो: काटापट्टी म्हणजे वजनाची पावती, ओलावा, चुकारा म्हणजे शेतकऱ्याला द्यायचे पैसे, गाठींचा हिशेब. हंगामात फोन सकाळी सहापासून वाजतो. माणसं लागली आणि मग प्रश्न आमच्यासमोर आला. निवडायचं कसं?

इथे बायोडेटावरून काही कळत नाही. सगळ्यांचे सारखे असतात, एमएस-सीआयटी, टायपिंग ३० आणि ४०, कॉलेजच्या प्रोजेक्टचं नाव. गोड बोलणारा मुलाखतीत पुढे जातो. मी त्या काळात निवडीवरचं संशोधनही वाचलं. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांतल्या अभ्यासांचा आढावा घेतला होता. माणूस पुढे काम कसं करेल याचा अंदाज बांधायला त्याच्याकडून प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेणं, हे त्यांच्या यादीत सगळ्यात वर होतं, ०.५४ या आकड्याने (हा आकडा १ च्या जितका जवळ तितका अंदाज पक्का). २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच गणित पुन्हा तपासलं तेव्हा कामाच्या नमुन्याचा आकडा ०.३३ वर आला आणि सगळ्यांना तेच प्रश्न विचारणारी बांधीव मुलाखत ०.४२ सह वर गेली. माझ्या अनुभवाशी हे जुळतं. नुसती फाइल अर्धंच सांगते. फाइलवर बसून बोललं की बाकीचं कळतं.

म्हणून आमची पद्धत अशी बसली. आधी प्रत्येकाशी फोनवर थोडं बोलायचं आणि ज्यांना खरोखर घेता येईल अशा पाच-सहा जणांनाच काम पाठवायचं. काम तीन तासांचं, आणि त्याचे १,५०० रुपये, निवड होवो न होवो. फाइल मिळाली की त्याच दिवशी यूपीआयने पाठवतो. माझा भागीदार सुरुवातीला म्हणाला की एवढ्या लहान धंद्यात हे परवडत नाही. मी त्याला बाबांचं बाजाराच्या दिवसाचं वाक्य सांगितलं. पैसे द्यायचे ठरल्यावर एक गोष्ट आपोआप झाली: कुणाला पाठवायचं याचा विचार आम्ही काळजीने करायला लागलो.

कामाची फाइल आम्ही स्वतः रचतो. ग्राहकाचं चालू काम परीक्षेच्या नावाखाली कधीच देत नाही. दोनशेच्या आसपास काटापट्ट्या असतात. काही वजनं किलोत आणि काही क्विंटलमध्ये लिहिलेली. एकच पट्टी नंबर दोनदा आलेला. एका शेतकऱ्याचं नाव तीन तऱ्हांनी, कधी मराठीत, कधी इंग्रजीत. ओलाव्याच्या रकान्यात ८.० च्या जागी ८०. आणि मधेच एक-दोन पट्ट्या १४ टक्के ओलाव्याच्या. जाणकाराला हे लगेच खटकतं. भारतीय कापूस महामंडळ, म्हणजे सीसीआय, ८ टक्के ओलाव्याला पूर्ण हमीभाव देते, १२ टक्क्यांपर्यंत भाव कापून घेते आणि त्यावरचा कापूस घेत नाही. मग १४ च्या पट्टीवर खरेदी झाली कशी? हा नियम आम्ही फाइलसोबत लिहून देतो, कारण कुणाच्या घरी कापूस आहे की नाही याची परीक्षा आम्हाला घ्यायची नसते. सूचना मराठीत असतात. आमच्या काट्यावरची माणसं मराठीत आणि वऱ्हाडीत बोलतात. तीन पानी इंग्रजी वाचता येणं ही त्या कामाची गरज नाही.

आलेल्या फाइलींवरची नावं भागीदार काढून टाकतो, मी नंबरावरून वाचते. दुसऱ्या वेळी उलट. आपल्याकडे आडनाव वाचलं की जात, तालुका, कधी कधी गावातली गल्लीसुद्धा कळते, आणि एकदा कळलं की ते मनातून जात नाही. कशाला किती गुण हे फाइली उघडण्याआधीच कागदावर लिहून ठेवतो.

उमरखेडच्या एका मुलाची फाइल मला आठवते. तो बीएस्सी होता, प्रोग्रामिंग बेताचंच. एकूण बेरीज त्याची बरोबर होती, पण मांडणी साधी. १४ टक्क्यांच्या पट्टीशेजारी त्याने लिहिलं होतं की नोंद करताना चूक झाली की काट्यावरच गडबड झाली हे मला इथून कळणार नाही, केंद्रावर विचारल्याशिवाय मी ही ओळ बदललेली नाही. बाकी बहुतेकांनी ती ओळ काढून टाकली होती किंवा १४ चा ११ केला होता. काढून टाकलेली ओळ म्हणजे कुणाचातरी गाडीभर कापूस आणि त्याचा चुकारा. तो मुलगा आज आमच्याकडे आहे, आणि हंगामात ग्राहक थेट त्यालाच फोन लावतात.

एक माणूस असाही भेटला ज्याने घरी काम करायला नकार दिला. वय तिशीच्या पुढे, स्वतःचं छोटं सेवा केंद्र, सातबारा आणि दाखल्यांचे अर्ज भरून देणारा. “ताई, मी रात्री नऊला शटर पाडतो. घरी गेल्यावर दोन लहान पोरं आहेत. माझ्याकडून नाही होणार. पण मी सुट्टीच्या दिवशी तुमच्या ऑफिसात येतो, समोर बसून करतो.” तो आला, केलं, आणि छान केलं. तेव्हापासून घरी की ऑफिसात हे उमेदवारानेच ठरवायचं. पुसदच्या एका बाईंना बाळामुळे सलग तीन तास मिळत नव्हते. त्यांना रोज एकेक तास असं तीन दिवसांत करू दिलं. वेळ त्यांनीच लिहायची आणि आम्ही विश्वास ठेवायचा. एवढा विश्वास ठेवता येत नसेल तर त्या माणसाला उद्या लोकांच्या चुकाऱ्याचा हिशेब तरी कसा द्यायचा?

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला आलं आणि साल-दीड सालात आमच्याकडे येणाऱ्या फाइलींचा चेहरा बदलला. वळणदार इंग्रजी टिपा, सगळ्यांची मांडणी एकसारखी. एका भरतीत दोन फाइली जवळजवळ जुळ्या होत्या. दोन्हींत १२ टक्क्यांवरच्या पट्ट्या गुपचूप गाळलेल्या, आणि दोघांनाही त्या कुठे गेल्या हे सांगता आलं नाही. बाबांनी विचारलेला कॉपीचा प्रश्न खरा ठरला म्हणायचा. पुष्कळ कंपन्यांनी यावर उमेदवाराचा कॅमेरा चालू ठेवून, स्क्रीनवर नजर ठेवून परीक्षा घेण्याचा मार्ग धरला. मला तो पटत नाही. गावातल्या नेटवर्कवर कॅमेरा तुटला की पोरगं संशयित ठरतं. शिवाय आमच्या ऑफिसात आम्ही स्वतः ही साधनं वापरतो, मग उमेदवाराला बंदी कोणत्या तोंडाने घालायची?

आम्ही बोलण्याचा भाग वाढवला. काय वापरलं ते लिहा, वापरायला हरकत नाही, एवढंच सांगतो. मग समोर बसून सगळ्यांना तेच चार प्रश्न. ही ओळ का ठेवली? ही का काढली? नावं एकच आहेत हे कशावरून ठरवलं? आणि शेवटी, तिथल्या तिथे एक लहान बदल करून दाखवा: समजा ओलाव्याची मर्यादा एका केंद्रावर वेगळी आहे, तर काय हलवाल? ज्याने यंत्राकडून करून घेतलं पण तपासलं, त्याला हे जमतं. ज्याने नुसतं चिकटवलं, तो पहिल्याच प्रश्नाला अडतो, आणि हे त्याचं त्यालाही कळतं. कापूस घरात असलेल्या एका मुलीने यंत्राने केलेली बेरीज मान्य केली नव्हती. एका पट्टीचं वजन बैलगाडीत मावणार नाही एवढं होतं, म्हणून तिने ती उलट तपासली आणि किलो-क्विंटलचा घोळ सापडला. तिने हे सांगितलं तेव्हा भागीदाराने माझ्याकडे पाहिलं आणि गुणांचा कागद पुढे सरकवला.

निवड न झालेल्यांना आम्ही लिहून कळवतो, चार-पाच ओळी, कुठे बरं होतं आणि कुठे राहिलं. याला वेळ लागतो. हंगामाच्या तोंडावर तर फार लागतो, आणि ग्राहकाचा फोन वाजत असताना ते लिहायचा कंटाळाही येतो. पण त्यांनी तीन तास दिलेले असतात, त्याचे पैसे मोजले म्हणून ते संपत नाही. घाटंजीच्या एका मुलाला लिहिलं होतं की आकडे पक्के आहेत, पण काय केलं ते तू कुठेच लिहीत नाहीस. पुढच्या वर्षी त्याने नागपूरच्या एका कंपनीसाठी केलेलं काम मला दाखवायला आणलं, प्रत्येक पायरीखाली दोन ओळी लिहिलेल्या. त्याला तिथे नोकरी लागली होती.

यंदा दिवाळीआधी दोन जागा भरायच्या आहेत. जुनी फाइल आता गावभर फिरलेली असणार, म्हणून नवी रचायला घेतली आहे. या वेळी गाठींचा हिशेब ठेवलाय: १७० किलोची गाठ, रुईच्या भावासाठी ३५६ किलोची खंडी, आणि मधे सरकीचं वजन वजा करायला विसरलेल्या काही ओळी. भागीदार म्हणतो, हे तीन तासांत होणार नाही. म्हणून आधी ऑफिसातल्या उमरखेडच्या मुलाला घड्याळ लावून सोडवायला दिलं. त्यालाच चार तास लागले. आता त्यातल्या ओळी कमी करते आहे.